तांबड्या शाईच्या सात वह्या

हैदराबाद,
६ जानेवारी २००४

प्रिय अत्तै,

स्तोत्रम. नाताळात तुमच्याकडून परतल्यापासून वजनकाट्याकडे बघायची हिंमत होत नाही. इडियप्पम आणि सोदी रोज दोन वेळा खाल्ल्यावर दुसरं काय होणार! तुम्ही बांधून दिलेला हलवा आमच्या संस्थेत पोचला आणि पाच मिनिटांत डबा धुवायला टाकण्याजोगा झाला. माझ्या वाट्याला फक्त तूप लागलेला कागद आला.

आता कामाचं बोलते. मी काही मागितलं की तुम्ही आधी "कशाला?" म्हणून विचारता, तेव्हा कशाला तेही सांगून टाकते. तुमच्या कपाटातल्या त्या सात वह्या मला हव्या आहेत. छत्तीस वर्षं शाळेत मुली इंग्रजी बोलताना जे जे चुकल्या, ते तुम्ही तांबड्या शाईने टिपून ठेवलंत. तारीख, इयत्ता, मुलीचं नाव, वाक्य आणि त्याखाली दुरुस्ती. आपल्या देशात इंग्रजी कसकशी बदलत गेली, यावर आमच्याकडे मोठं काम सुरू झालंय. जुनी वर्तमानपत्रं आहेत, सरकारी पत्रव्यवहार ढिगाने आहे. पण शाळेच्या व्हरांड्यात, नळावर, डबा खाताना मुली इंग्रजी कशा बोलत होत्या हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे, तुमच्याशिवाय कुणीच नाही.

मी वह्या डोळ्यात तेल घालून सांभाळीन. भाचीसाठी पाठवाल ना?

तुमची,
ब्यूला


पाळैयंकोट्टै,
१२ जानेवारी २००४

चि. ब्यूला,

अनेक आशीर्वाद. वह्या आज पार्सलने पाठवल्या. माझ्या जुन्या निळ्या साडीत बांधल्या आहेत, ती साडी परत नाही आली तरी चालेल. वह्या मात्र यायलाच हव्यात.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, या काळात कुणी माझ्या कामाचं नाव काढलं नव्हतं. तुझी संस्था या चुका छापणार असेल तर अवश्य छापा, मोठ्या अक्षरात छापा. चारचौघांत चूक दाखवली की माणसाला लाज वाटते आणि लाज वाटली की सुधारणा होते. माझी सगळी शिकवण्याची पद्धत यावरच उभी होती. तुला आठवत असेल, दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मी आठवड्याची वाक्यं नावासकट वाचायची. जिचं वाक्य असेल तिने उभं राहायचं, वर्गाने हसून घ्यायचं, मग तिने बरोबर वाक्य तीनदा म्हणायचं. 'शुक्रवारचं वाचन' म्हटलं की मुलींच्या तोंडचं पाणी पळायचं. पण सुधारायच्या.

पुरावा हवा असेल तर तिसरी वही उघड. मरगदम नावाची मुलगी आहे. मुक्कूडलची, आई विड्या वळायची, घरात इंग्रजीचं अक्षर नाही. आठवीत सहा महिन्यांत एकेचाळीस वेळा तिचं नाव आहे. आणि त्यानंतर एकदाही नाही. एकदाही नाही! अकरावीपर्यंत कोरी. मी तिला पार बरी केली.

ही तीच मरगदम, जी पुढे आपल्याच शाळेत गणित शिकवायला आली. आता शाळेला नवी मुख्याध्यापिका निवडायची आहे आणि दोन नावं उरली आहेत. एक मरगदम, दुसरी कोडैकानलच्या कॉन्व्हेंटात शिकलेली शर्ली. मंडळात आम्ही पाचजण. दोघं इकडे, दोघं तिकडे, आणि मी मध्ये. म्हणजे निवड माझ्या हातात आहे असं समज. वीस फेब्रुवारीच्या शुक्रवारी मरगदमने सगळ्या शाळेपुढे, पालकांपुढे आणि मंडळापुढे सकाळची सभा इंग्रजीत घ्यायची, आदल्या दिवशी शर्लीने. दहा मिनिटं सरळ बोलायचं. मुख्याध्यापिका होणारीला हे चुकत नाही, मलाही चुकलं नव्हतं.

माझं मत मरगदमला आहे. मुक्कूडलच्या पोरीला मी घडवली आणि ती माझ्या खुर्चीत बसली, तर मला दुसरं काही नको.

तुझी अत्तै,
ज्ञानप्पू


हैदराबाद,
२२ जानेवारी २००४

प्रिय अत्तै,

स्तोत्रम. वह्या मिळाल्या. चार दिवस मी दुसरं काही केलेलं नाही. जेवतानासुद्धा वाचते, आणि वह्यांना डाग पडू नये म्हणून डाव्या हाताने पानं उलटते. काळजी नको.

अत्तै, तुम्ही काय करून ठेवलंय याची तुम्हाला कल्पना नाही. आमचे प्राध्यापक वह्या बघून खुर्चीवरून उठले. असा खजिना आमच्या कुणाच्या बापजन्मी हाती लागला नव्हता.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगताना मी खुर्चीत जरा मागे सरकून बसलेय. आम्ही या चुका म्हणून छापणार नाही. कारण यातलं निम्म्याहून अधिक आज चूक राहिलेलंच नाही. पहिल्याच वहीत, १९६६ साली, तुम्ही सहावीच्या एका मुलीला 'हू ऑल केम?' म्हटल्याबद्दल उभं केलंत. अत्तै, आपल्या तमिळमध्ये कोणकोण आलं, कायकाय आणलं, असं विचारता येतं. इंग्रजीत कोण म्हणजे कोण, एक असो की पन्नास. आपल्या मुलींना ती गैरसोय वाटली, त्यांनी तिथे 'ऑल' लावलं आणि काम भागवलं. कुणी शिकवलं नव्हतं, वर्गावर्गात आपोआप झालं. तसंच ते 'ओन्ली'. 'टुडे ओन्ली आय केम.' आजच आले, यातला तो 'च' इंग्रजांच्या वाक्यात बसत नव्हता, म्हणून मुलींनी 'ओन्ली'ला कामाला लावलं. आता कलेक्टरच्या कचेरीत, बँकेत, वर्तमानपत्रांत हीच इंग्रजी आहे. कोट्यवधी लोक ती बोलतात आणि एकमेकांना ती नीट कळते. ज्या भाषेत एवढी माणसं राहतात, तिथल्या भिंती ती आपल्या सोयीने हलवणारच.

तुम्ही छत्तीस वर्षं शत्रूच्या छावणीत बसून त्यांचा इतिहास लिहिलात, अत्तै! रागावू नका, हसा.

मरगदम अक्का मला चांगली आठवते. मला अकरावीचं गणित तिनेच शिकवलं, तिला तेव्हा नोकरी लागून पहिलंच वर्ष होतं. तिला तुमचं मत मिळणार हे वाचून फार बरं वाटलं.

तुमची,
ब्यूला


पाळैयंकोट्टै,
३० जानेवारी २००४

चि. ब्यूला,

हसले नाही.

"गैरसोय वाटली आणि काम भागवलं" म्हणे! उद्या कुणाला पाढ्यांची गैरसोय वाटेल आणि सात आठे पन्नास करून काम भागवेल, तेव्हा तुझे प्राध्यापक खुर्चीवरून उठतील का? तुला पगार देऊन हेच लिहायला बसवलंय? तुझे वडील असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. माझ्या वह्यांचा असा उपयोग होणार हे ठाऊक असतं, तर मी त्या साडीत न बांधता चुलीत घातल्या असत्या.

आणि तुझी मरगदम अक्का. ऐक.

सोमवारी मी शाळेत गेले. तिला सांगायला गेले होते की माझं मत तुला, निश्चिंत राहा. ती नववी ब च्या वर्गावर होती. मी दाराबाहेर थांबले. आतून आवाज आला, 'हू ऑल हॅव नॉट ब्रॉट जॉमेट्री बॉक्स?' मला वाटलं एखादी मुलगी बोलतेय. मुलगी नव्हती, ब्यूला. मरगदम होती. एक पोरगी उठून म्हणते, 'टुडे ओन्ली इट गॉट ब्रोकन, मिस.' आणि ही म्हणते, 'सो व्हॉट? शेअर अँड डू.' आणि सगळा वर्ग हसतो, मरगदमही हसते! अठ्ठेचाळीस मुली खुशाल बोलत होत्या, जणू बाजारात उभ्या आहेत.

मी आत पाऊल टाकलं. ती मला बघून फळ्याला चिकटली. खडू हातात तसाच. "वणक्कम मिस," म्हणाली, "या ना, बसा." सगळं तमिळमध्ये. मग माझ्या लक्षात आलं, माझ्याशी ती इंग्रजीत कधी बोललेलीच नाही. तेरा वर्षं आम्ही एका शाळेत काम केलं. मला वाटायचं, माझा मान ठेवते. आता कळलं, लपवत होती. मी बरी केली म्हणून मिरवत होते, आणि आजार तसाच होता, फक्त माझ्यापासून झाकलेला.

फसवणूक मला सहन होत नाही. माझं मत शर्लीला. कोडैकानलच्या मुलीची वाक्यं ऐकून कान निवतात.

मला शिकवायच्या भानगडीत पडू नकोस.

तुझी अत्तै,
ज्ञानप्पू


हैदराबाद,
६ फेब्रुवारी २००४

प्रिय अत्तै,

स्तोत्रम. शिकवत नाही. जे सापडलं तेवढंच सांगते, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आम्ही तुमच्या वह्यांतलं प्रत्येक वाक्य कॉम्प्युटरवर चढवलं. साडेसहाशे मुली. कुठल्या मुलीचं नाव कधी आलं आणि कधी यायचं थांबलं, हे मी महिन्यामहिन्याने लावून पाहिलं. तुम्ही म्हणालात, नाव येईनासं झालं म्हणजे मुलगी सुधारली. मलाही तसंच वाटत होतं. पण जी सुधारते ती हळूहळू सुधारते, अत्तै. आधी दहा चुका, मग सहा, मग तीन. तुमच्या वह्यांत अशा मुली आहेत, पुष्कळ आहेत. त्या खरोखर तुम्ही घडवल्यात. आणि दोनशेच्या वर मुली अशा आहेत, की त्यांचं नाव दर आठवड्याला येतं, येतं, आणि एका शुक्रवारनंतर एकदम येतच नाही. पुन्हा कधीच नाही. एका शुक्रवारी कुणी सुधारत नाही.

त्या सुधारल्या नाहीत. त्या तुमच्यासमोर गप्प झाल्या.

मरगदम अक्काचा शुक्रवार म्हणजे १९ नोव्हेंबर १९७६. एकेचाळिसावं वाक्य तुमच्या अक्षरात आहे: 'माय मदर इज नोइंग बीडी वर्क ओन्ली, मिस.' आई शाळेत का येत नाही असं तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर. ते तुम्ही वर्गात वाचलंत आणि वर्ग हसला. मी अक्काला फोन केला. आधी ती हसण्यावारी नेत होती. मग म्हणाली, "ब्यूला, पोरी वाक्याला हसल्या की आईला, ते मला कळलं नाही. म्हणून ठरवलं, मिसपुढे ही भाषा बोलायचीच नाही. बाकी सगळ्या जगापुढे बोलले. बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, मुलाखती दिल्या. मिस दिसल्या की जीभच उचलत नाही गं. बेचाळीस वर्षांची झाले तरी नाही."

तिने काही लपवलं नाही, अत्तै. तिला बोलताच येत नाही तुमच्यासमोर. आणि वीस तारखेला तुम्ही पहिल्या रांगेत बसणार.

तिचं एकटीचं नाही. सहाव्या वहीत माझंही नाव आहे, नऊ वेळा. शेवटचं १९८३ सालचं. मी इंग्रजी शिकवणाऱ्यांना इंग्रजी शिकवते, देशभर भाषणं देते. आणि तुम्हाला एकवीस वर्षांत इंग्रजीत एक ओळ लिहिलेली नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का? माझ्याही नव्हतं आलं. परवा माझं नाव वाचलं तेव्हा आलं.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. मला तुमचा फार अभिमान आहे आणि मला फार वाईट वाटतंय, दोन्ही एकदम.

तुमची,
ब्यूला


पाळैयंकोट्टै,
११ फेब्रुवारी २००४

ब्यूला,

पत्र मिळालं. वह्या परत पाठव. रजिस्टर पोस्टाने.

मी ज्या काळात शिकवलं, त्या काळात विड्या वळणारीच्या मुलीला बरोबर इंग्रजी आली तरच कुणी खुर्ची देत होतं. नाही आली तर दारातून परत. तुझ्या कोट्यवधी लोकांची इंग्रजी तेव्हा कुणी मुलाखतीत ऐकून घेत नव्हतं. माझ्या मुली आज नर्स आहेत, बँकेत आहेत, एक न्यायाधीश आहे. हे तुझ्या कॉम्प्युटरने लावून पाहिलं का?

मी कुणाला हसवायला शिकवत नव्हते. मला माझ्या मिसने असंच शिकवलं होतं आणि मी शिकले.

ज्ञानप्पू


हैदराबाद,
१४ फेब्रुवारी २००४

प्रिय अत्तै,

स्तोत्रम. वह्या आज रजिस्टरने रवाना केल्या, निळी साडीसुद्धा आहे. तुम्ही म्हणालात ते सगळं खरं आहे. त्या मुलींना नोकऱ्या लागल्या त्या तुमच्यामुळे, आणि मला लागली तीही तुमच्यामुळे. ते मी कुठेही लिहीन आणि सहीनिशी लिहीन.

अक्काने अर्ज मागे घ्यावा असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं आहे. ती ऐकत नाही. "उभी तर राहीन," म्हणते, "पडले तर उभ्याने पडेन." पालक तिच्या बाजूचे आहेत, मुली आहेत, शिक्षक आहेत. पण दहा मिनिटं तोंडातून शब्द निघाला नाही, तर कोण कुणाच्या बाजूचं याला काही अर्थ राहणार नाही.

शर्लीला मत द्यायचं असेल तर द्या. तो तुमचा हक्क आहे. पण अक्का हरायची असली तर शर्लीपुढे हरू दे, तुमच्या खुर्चीपुढे नको. शेवटच्या रांगेत बसता येईल का तुम्हाला? एवढंच विचारते.

तुमची,
ब्यूला


पाळैयंकोट्टै,
२१ फेब्रुवारी २००४

चि. ब्यूला,

अनेक आशीर्वाद. हे पत्र लांब होणार आहे, तेव्हा कॉफी करून घेऊन बस.

वह्या मंगळवारी आल्या. तुझा कॉम्प्युटर खोटा ठरवायचा म्हणून मी त्या उघडल्या. मनात अगदी ठरवून बसले होते. पेन्सिल घेतली आणि नावं एकेक लावत गेले, शुक्रवार धरून. बुधवारपर्यंत तीन वह्या झाल्या. मग पेन्सिल ठेवून दिली. तुझं खरं आहे. आणि मला त्या मुली आठवतात, ब्यूला, नुसती नावं नाही. डेझी पुढे पुस्तकांच्या दुकानात बसायची, मी गेले की आत जायची. सेल्वकनी माझा वर्ग सोडून इतिहासाच्या मिसच्या वर्गात गेली. मला वाटलं तिला इतिहास आवडतो. छत्तीस वर्षं मी त्यांच्या गप्प बसण्याला बरं होणं समजत आले. मला फार लाज वाटली. चारचौघांत नाही, एकटीलाच वाटली, आणि ती जास्त वाईट असते.

या वह्या मी तुला परत पाठवणार आहे. छाप. मुलींची नावं सगळी काढ. माझं ठेव. आणि शुक्रवारचं वाचन काय होतं, तेही पहिल्या पानावर स्पष्ट लिही.

आता कालचं.

शर्लीची सभा गुरुवारी झाली. फार सुंदर बोलली, शंकाच नाही. मुली हात बांधून, नजर समोर ठेवून ऐकत होत्या. शेवटी नीट टाळ्या वाजवल्या.

काल मरगदमची होती. तू सांगितलंस तसं मी शेवटच्या रांगेत बसायला गेले, पण आपल्या मंडळाचे रेव्हरंड यसुदियान ऐकतात थोडेच! "मिस, तुमची जागा पुढे," म्हणून हात धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं. मंडळाच्या माणसांनी एकत्र बसायचं, नियम म्हणे. नियम मीच केलेला, काय बोलणार!

ती आली. हिरवी सुती साडी, केसांत दोन अबोलीची फुलं. माइक जरा खाली केला. 'गुड मॉर्निंग, गर्ल्स,' म्हणाली. सहाशे मुलींनी उत्तर दिलं. आणि मग तिची नजर खाली आली आणि माझ्यावर पडली.

थांबली. मी बघत होते, ब्यूला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिच्या कपाळावर घाम आला. अर्धं मिनिट गेलं असेल. एखादा माणूस सहाशे लोकांपुढे अर्धं मिनिट गप्प उभा राहिला, तर ते किती लांब असतं हे मला काल कळलं. यसुदियान घड्याळाकडे बघून माझ्या कानाशी म्हणाले, "घाबरली बिचारी. नाही जमायचं." पालकांत कुजबुज सुरू झाली. मुलींच्या रांगांतून कुणी हसलं नाही. एकही नाही. माझ्या वर्गात हसल्या असत्या.

मला वाटलं, मुकाट्याने उठून जावं. पण मी मुकाट्याने उठून गेले असते, तर लोकांना वाटलं असतं मी तिच्या नावावर फुली मारून निघाले. म्हणून उभी राहिले आणि मोठ्याने बोलले. घशातून आवाज काढायची मला सवय आहे, माइक लागला नाही.

म्हणाले, "रेव्हरंड, ही घाबरट नाही. हिची जीभ मी अडवून धरली आहे. हिच्या आईबद्दल ही आठवीत एक वाक्य बोलली होती. खरं वाक्य. ते मी वर्गापुढे वाचून वर्गाला हसायला लावलं. चूक त्या वाक्यात नव्हती, माझ्यात होती. मरगदम, माझं चुकलं. आता मी बाहेर जाते. तू बोल."

यसुदियान गडबडले. "अहो मिस, पण तुमचं मत? न ऐकता मत कसं देणार?"

"पाय दुखतात, कान नाही," म्हटलं, "व्हरांड्यातून सगळं ऐकू येतं."

आणि निघाले. सहाशे मुलींच्या मधून त्या दारापर्यंत जायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस. कुणीतरी लहान मुलीने वाट द्यायला पाय मागे घेतले आणि "सॉरी मिस" म्हणाली. मी व्हरांड्यात खांबापाशी उभी राहिले. आत काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, संपलं. आता हिचंही गेलं आणि माझंही.

मग ती बोलायला लागली.

पहिली दोन वाक्यं अडखळत आली. नंतर मोकळी सुटली. काय बोलली असेल? कंपासपेटी नसलेल्या मुलींबद्दल! गणिताच्या तासाला कंपास नाही म्हणून ज्या घरी राहतात त्यांनी यायचं, दोघींत एक पेटी वापरायची, आणि नाही म्हणायची लाज वाटून घ्यायची नाही. मध्येच विचारलं, 'हू ऑल आर शाय टू आस्क डाउट?' मी डोळे मिटून घेतले. पण आत काय झालं माहीत आहे? मुली उत्तरं द्यायला लागल्या. एक बोलली, दुसरी बोलली, मागच्या रांगेतून तिसरी ओरडली, ती त्यांना उत्तर देते, त्या हसतात, ती हसते. एका पालकानेही उभं राहून काहीतरी विचारलं, त्या बिचाऱ्याची इंग्रजी तर देवाच्याच हवाली. त्यालाही उत्तर मिळालं. दहाची वीस मिनिटं झाली. शर्लीला टाळ्या मिळाल्या होत्या. हिला उत्तरं मिळाली.

खोटं सांगत नाही, मी चुका ऐकल्या. अकरा ऐकल्या. तुझे प्राध्यापक त्यांना काय म्हणतील ते म्हणोत, माझ्या मते त्या अजून चुकाच आहेत आणि मी मरेपर्यंत त्यांना चुकाच म्हणेन. पण मुख्याध्यापिका कशासाठी असते हे मला विचारशील, तर ती मुलींनी तिच्याशी बोलावं म्हणून असते. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं आणि शाळा फार शिस्तीची म्हणून आम्ही खूष होतो.

यसुदियान व्हरांड्यात आले. "मिस, मत?" म्हणाले. म्हटलं, "मरगदम." ते म्हणाले, "नक्की? तिची इंग्रजी..." मी म्हटलं, "तिची इंग्रजी तिची आहे. माझं मत माझं." तीन विरुद्ध दोन. जून महिन्यापासून ती मुख्याध्यापिका.

सभा संपली, मुली वर्गात गेल्या. मी खांबाला धरून तिथेच उभी होते. खोटं वाटेल, पण जायचं कुठे हे सुचत नव्हतं. मरगदम बाहेर आली. हातात एक खुर्ची होती, सभागृहातून स्वतः उचलून आणलेली. डोळे लाल. मला वाटलं आता ती तमिळमध्ये 'मिस, बसा' म्हणेल, नेहमीसारखं.

तिने खुर्ची ठेवली, पदराने पुसली. माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, 'मिस, सो लाँग यू आर स्टँडिंग ओन्ली. कम, सिट, नो?'

सत्तावीस वर्षांत ती माझ्याशी या भाषेत पहिल्यांदा बोलली. मी 'थँक यू, मरगदम' म्हटलं आणि बसले.

तुझी अत्तै,
ज्ञानप्पू